मधली कास

ब्लॅकपूलच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून मी बसते
आणि कामांना गुण देते.
माणसांना नाही, कामांना. हे पहिल्याच दिवशी
बजावलं होतं मला, दोनदा.

ज्ञान किती. अंगमेहनत किती.
एकाग्रता, भावनेची झीज, हाताखाली माणसं.
बेरीज झाली की काम आपसूक
एखाद्या बँडात जाऊन पडतं
आणि बँडाचा पगार त्याच्या पदरात.

डेस्मंड एंटविसल कृत्रिम डोळे रंगवतो.
पदवी, वर चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली.
बँड सहा, माझ्याएवढाच.
पेशंटला तो खिडकीशी बसवतो, समुद्राकडे तोंड करून.
म्हणतो, ट्यूबलाइटखाली बुबुळ खोटं बोलतं.
शिरांसाठी लाल रेशमाचा एकेक तंतू सुटा करतो,
पांढऱ्यावर ठेवतो.
ज्याची झोप गेलीय त्याला दोन जास्त.
हे दोन कुठल्या रकान्यात लिहू, मी विचारलं.
‘लिहू नकोस,’ म्हणाला. ‘मग ते मोजायला येतील.’

ऑपरेशनमध्ये हृदय थांबवतात तेव्हा
त्याच्या जागी यंत्र चालवणारा एमेका, बँड सात.
‘चूक झाल्यास परिणाम’ या प्रश्नापुढे
त्यानं एकच शब्द लिहिला होता.
नियमाप्रमाणे मी त्याचं पूर्ण वाक्य केलं.

माझी पात्रता: वनस्पतिशास्त्र, एम.एस्सी., कोल्हापूर.
इथं आल्यावर पैसे भरून एक पत्र मागवावं लागलं
की ही पदवी म्हणजे पदवीच आहे.

मार्चात फाइल आली. धुलाई विभाग, बँड दोन,
फेरतपासणी. अर्जदार डोरीन टॅटर्सल.
ज्ञान: पातळी एक,
म्हणजे एकदा दाखवलं की कुणालाही जमतं.

आवार ओलांडून गेले. आत वाफ, बाहेर सीगल.
डोरीन चादर पसरायची आणि सांगायची,
हे आयोडीन. हा चहा.
हा माणूस पडून नव्हता, रात्रभर बसून होता, बघ, इथं चुरगळलंय.
लाल पिशवी उघडायची नाही, ती पाण्यात विरघळते.
चादरींतून कवळ्या निघतात, कानातली यंत्रं,
एकदा अंगठी. ती कुठल्या वॉर्डची
हे तिनं घडीवरून सांगितलं. नर्सांच्या घड्या
सारख्या नसतात म्हणे.

आमचे पणजोबा परीट, वारणाकाठचे.
सुगीला खळ्यावर गावाचे तीन वाटे लागत,
थोरली कास, मधली कास, धाकटी कास.
परीट मधल्या कासेत. पेंढ्या ठरलेल्या.
पात्रता कुणी विचारली नाही,
ती जन्मालाच चिकटवलेली, धुऊन न निघणारी.
अक्षर येत नव्हतं. पण धोतराच्या कोपऱ्यात
बिब्ब्याचे ठिपके: दोन आणि एक रेघ पाटलाची,
तिरके तीन शिंप्याचे.
एवढ्यावर अख्खं गाव त्यांना वाचता यायचं.

मी लिहिलं, ज्ञान: पातळी दोन.
समितीत पाच जण. बिस्किटं होती.
पुरावा काय, असं अतिशय सभ्यपणे विचारलं.
मी घडीबद्दल बोलले. बिब्ब्याबद्दल बोलले नाही,
ते माझ्या घरातलं.
निकाल: पातळी एक, कायम.

सांगायला मीच गेले. डोरीननं ऐकून घेतलं,
मग म्हणाली, ‘आणि तुझं काम नक्की काय गं, वायजे?’
(वैजयंती इथं कुणाच्या तोंडात मावत नाही.)
कामं मोजते, म्हटलं.
‘आणि त्याचे किती देतात?’

सांगितलं.

ती हसली नाही. ओल्या चादरीचं दुसरं टोक
माझ्या हातात दिलं.
‘धर,’ म्हणाली. ‘असं नाही.
अंगठा आत. आता ओढ.’